५०० बॅकलिंकांचं पॅकेज आणि देवगडची आंब्याची वेबसाइट

प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगड तालुक्यात घरची हापूसची कलमं आहेत, पुण्या-मुंबईला पेट्या थेट घरपोच पाठवता, वेबसाइटही आहे, पण गुगलवर ती तिसऱ्या पानाच्या अलीकडे येत नाही. आता एका एजन्सीने 'डीए ५०+'च्या, म्हणजे वजनदार म्हणवणाऱ्या साइटींवरच्या, ५०० बॅकलिंका (दुसऱ्यांच्या साइटींवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका) साडेचार हजार रुपयांत देऊ केल्या आहेत. त्या घ्याव्यात का? नाही तर चांगल्या बॅकलिंका मिळवायच्या कशा? आणि मागे भाच्याने शे-दीडशे डिरेक्टऱ्यांत, म्हणजे साइटींच्या नुसत्या याद्या छापणाऱ्या साइटींवर, तुमच्या साइटचं नाव घातलं होतं, त्याने काही बिघडलं असेल का?

पहिल्याचं उत्तर: घेऊ नका. तेवढ्या पैशांत आंबा भरायला पुठ्ठ्याचे खोके येतात, ते घ्या.

दंड होईल ही भीती नंतरची. मुळात त्या लिंकांत काही नसतं. काम झालं की एजन्सी एक एक्सेल शीट पाठवते. ५०० ओळी, प्रत्येकीपुढे डीएचा आकडा आणि हिरव्या अक्षरांत 'लाइव्ह'. अशी शीट कुणी दाखवली की मी एवढंच म्हणतो, वरच्या दहा लिंका उघडून बघू. एक निघते गिटार शिकणाऱ्यांच्या कुठल्याशा साइटवर सदस्याचं प्रोफाइल, आणि त्यात 'माझ्याबद्दल'च्या चौकटीत 'बेस्ट अल्फान्सो मँगो ऑनलाइन'. दुसरीवर एक लेख असतो: पहिला परिच्छेद आंब्याच्या जीवनसत्त्वांवर, दुसऱ्यापासून गृहकर्ज, शेवटी ऑनलाइन रमी. तिसरी उघडतच नाही. या पानांवर कुणी माणूस कधी येत नाही, तिथून कुणी तुमच्याकडे येणार नाही, आणि हे गुगललाही कळतं.

डीएबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण सगळी विक्री त्या आकड्यावर चालते. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, हा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा शंभरापैकी अंदाज आहे. एचरेफ्स कंपनीचा तसाच दुसरा आकडा आहे, डीआर. गुगल यातलं काहीच वापरत नाही. गुगलचा स्वतःचा आकडा, पेजरँक, पूर्वी ब्राउझरच्या टूलबारमध्ये दिसायचा. २०१६ मध्ये तोही दाखवणं बंद झालं. दोन साइटींची ढोबळ तुलना करायला डीए ठीक आहे, मीही बघतो. पण तो आकडा फुगवून देण्याचाच वेगळा धंदा आहे, तेव्हा '५०+' या शब्दावर पैसे मोजण्यात अर्थ नाही.

लिंकेला किंमत आली कुठून हे माहीत असलं की पुढचं सगळं सोपं जातं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमधून जो शोधनिबंध मांडला, त्यातली कल्पना संशोधकांच्या संदर्भांवरून घेतलेली होती: ज्या निबंधाचा हवाला इतर लोक देतात तो महत्त्वाचा, आणि हवाला देणारा स्वतः महत्त्वाचा असेल तर अधिकच. ही पद्धत चालली आणि लगेच लोक खोटे हवाले पेरायला लागले. ब्लॉगांच्या प्रतिक्रियांत लिंकांचा इतका कचरा झाला की २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएनने मिळून 'नोफॉलो' ही खूण आणली, म्हणजे 'ही लिंक हवाला म्हणून धरू नका' असं सांगणारी. पुढे एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हे खोट्या लिंका पकडणारं गुगलचं अपडेट आलं आणि विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या असंख्य साइटी एका झटक्यात खाली गेल्या. २०१६ मध्ये पेंग्विन गुगलच्या मूळ यंत्रणेतच मुरवलं गेलं, आणि तेव्हापासून बहुतेक वेळा निकामी लिंकेबद्दल शिक्षा होत नाही. ती लिंक धरलीच जात नाही. डिसेंबर २०२२ पासून विकतच्या लिंका ओळखायला त्यांची स्पॅमब्रेन ही मशीन लर्निंगवरची यंत्रणाही लावली आहे. म्हणून तुमच्या ५०० लिंकांचं सर्वांत संभाव्य फळ म्हणजे शून्य.

शिक्षा अगदीच होत नाही असं मात्र नाही. तुमचा धंदा हंगामी आहे, म्हणून ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या फुलं विकणाऱ्या कंपनीचं उदाहरण देतो. त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रांच्या साइटींवर पैसे देऊन लेख छापून आणले, त्यांत स्वतःच्या लिंका घातल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये, तिथला मदर्स डे तोंडावर असताना, गुगलने त्यांना असं काढलं की स्वतःच्या नावाने शोधलं तरी ते दिसेनात. मोठी कंपनी, मोठी यंत्रणा, साफसफाई करून थोड्याच दिवसांत परत आली. तुमच्यावर १० एप्रिलला ती वेळ आली तर सगळं निस्तरेपर्यंत आंबा कॅनिंगला गेलेला असेल. आपल्याकडेही न्यूज पोर्टलं 'बातमी लावून देतो, डूफॉलो (म्हणजे नोफॉलोची खूण नसलेल्या) लिंकसकट' म्हणत फोन करतात, ते प्रकरण हेच. जाहिरात म्हणून खुशाल द्या. लिंकेवर 'स्पॉन्सर्ड'ची खूण असली की नियमात बसतं. पण मग रँकिंगची अपेक्षा ठेवू नका.

आता तुमच्या कामाचं. तुमच्या आकाराच्या धंद्याला नव्या लिंका शोधत फिरण्याआधी ज्या हक्काच्या आहेत त्या गोळा करायच्या असतात. त्या जवळजवळ प्रत्येकाच्या पडून असतात आणि त्यांना पैसे लागत नाहीत.

सुरुवात तुमच्या नावापासून करा. गुगलमध्ये बागेचं नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा. मराठीत, इंग्रजीत, आणि लोक ज्या ज्या चुकीच्या स्पेलिंगने लिहितात त्या सगळ्यांनी. तुमचं आडनाव आणि गावाचं नाव एकत्र घालूनही शोधा. कुठल्या तरी एप्रिलमध्ये वार्ताहर येऊन गेला असेल, कुण्या खाद्यभ्रमंती करणाऱ्याने बागेत जेवल्याचं लिहिलं असेल, पुण्यातल्या एखाद्या सोसायटीने त्यांच्या साइटवर आंबा महोत्सवाचे फोटो टाकले असतील. नाव आहे, लिंक नाही. अशा ठिकाणी विचारायला संकोच करू नका, फक्त विचारायची रीत बरी असावी. 'डिअर वेबमास्टर'ने सुरू होणारी इंग्रजी ईमेल कुणी वाचत नाही. मी साधारण असं लिहायला सांगतो:

'नमस्कार. १८ एप्रिलच्या आंब्याच्या भावावरच्या बातमीत आमच्या बागेचा उल्लेख आलाय, त्याबद्दल आभार. बातमी वाचून लोक चौकशी करतात, पण बाग नेमकी कुठली ते त्यांना सापडत नाही. बागेच्या नावावर आमच्या साइटची लिंक देता आली तर बरं होईल. एक छोटी दुरुस्तीही: बातमीत पेटी सहा डझनांची म्हटली आहे, आमची पाच डझनांची असते. यंदाच्या मोहोराचे तारखांसकट फोटो आमच्याकडे आहेत, पुढच्या बातमीला लागले तर जरूर कळवा.'

यात दुरुस्ती आहे ती मुद्दाम. दुरुस्ती करायला पान उघडावंच लागतं, आणि पान उघडलं की लिंक घालणं हे अर्ध्या मिनिटाचं काम. (दुरुस्ती अर्थात खरी असावी. नसेल तर ते वाक्य गाळा.) दुसरं म्हणजे, बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराला बहुधा छापून गेलेल्या पानात हात घालता येत नाही, ते काम वेब डेस्कचं. त्याला फोन करून 'डेस्कवर कुणाला पाठवू?' एवढं विचारलंत तर काम लवकर होतं. काही वर्तमानपत्रं बाहेरची लिंक देतच नाहीत, धोरण असतं त्यांचं. नाही म्हणाले की सोडून द्या. पुढच्या हंगामात त्याच माणसाकडे परत जायचं आहे.

मग ज्या संस्थांत तुमचं नाव आधीच आहे त्या बघा. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुम्ही जीआयचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल, तर ज्या संस्थेमार्फत नोंदणी केली तिच्या साइटवर सभासदांची यादी आहे का, आणि तुमच्या नावापुढे वेबसाइट आहे का, ते पाहा. शेतकरी उत्पादक कंपनी, आंबा उत्पादकांची सहकारी संस्था, कृषी विद्यापीठाच्या एखाद्या कार्यशाळेत तुम्ही अनुभव सांगितला असेल तर त्याचा वृत्तान्त, तुमची शाळा-कॉलेजची माजी विद्यार्थी संघटना. यातली साइट दिसायला जुनाट असेल, डीए वीसही नसेल. हरकत नाही. हापूसच्या बागायतदाराकडे हापूसच्या संस्थेने बोट दाखवणं याच्याइतकी जुळणारी लिंक दुसरी नाही.

शेजारीही विसरू नका. कुणकेश्वर आणि विजयदुर्गला येणाऱ्या पर्यटकांसाठी घरगुती निवास चालवणारे तुमच्या ओळखीचे असतीलच. त्यांच्या साइटवर 'इथून काय न्याल' असं एक पान असू शकतं आणि त्यात तुमच्या बागेचा पत्ता. तुम्हीही तुमच्या 'बागेत कसे याल' पानावर त्यांचा उल्लेख करा. दोन-चार जणांनी एकमेकांची नावं देणं स्वाभाविक आहे. 'तू मला दे, मी तुला देतो' अशी पन्नास जणांची साखळी केलीत तर ते गुगलच्या नियमांविरुद्ध जातं. परदेशात माल जात असेल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या साइटवर आंब्याच्या ऑर्डरची सूचना लागते, तिथेही लिंक असू द्या. मंडळाला प्रायोजक म्हणून पैसे दिले असतील तर लिंकेवर 'स्पॉन्सर्ड'ची खूण करायला सांगा. तिचा उपयोग गिऱ्हाईक येण्यासाठी आहे, तेवढा पुरे.

आणि एक लिंकांचा साठा तुम्ही बहुधा स्वतःच फेकून दिला आहे. तुमची साइट मी पाहिलेली नाही, पण हंगामी माल विकणारे जवळजवळ सगळे हे करतात: दर वर्षी नवीन पान. 'हापूस-२०२३', 'हापूस-२०२४', आणि हंगाम संपला की जुनं पान डिलीट. २०२३ च्या पानाला कुणी लिंक दिली असेल तर ती आता 'पान सापडत नाही'वर जाऊन आपटते. पान एकच ठेवा, पत्त्यात वर्ष घालू नका, मजकूर आणि भाव दर हंगामाला बदला. पावसाळ्यात त्याच पानावर 'पुढच्या हंगामाची नोंदणी' ठेवा. मेलेल्या पानांचे पत्ते ३०१ रीडायरेक्टने (पान कायमचं हलल्याची सूचना) या पानाकडे वळवा. आलेल्या लिंकेचं वजन त्या वाटेने पोचतं. नवीन काही मिळवण्याआधी हे करावं, कारण हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

पत्त्यावरून आठवलं. मराठी पानाचा पत्ता देवनागरीत ठेवायचा मोह होतो. ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची मालगाडी होते आणि कधी कधी मधूनच तुटते. मजकूर मराठीत, पत्ता रोमन लिपीत आणि आखूड.

इतकं झालं की मग नव्या लिंकांचा विचार. इथे अडचण अशी की 'ऑर्डर करा' या पानाला लिंक द्यावी असं कुणालाच वाटत नाही, आणि बहुतेक आंबेवाल्यांच्या साइटीवर तेवढंच असतं. कुणी लिंक का देतो? त्याला काहीतरी समजावून सांगायचं असतं आणि ते दुसऱ्याने आधीच नीट सांगितलेलं असतं. तुमच्याकडे असं सांगण्यासारखं भरपूर आहे. साका म्हणजे काय, बाहेरून फळ निर्दोष दिसतं आणि आत गर पांढरट, आंबट का निघतो, आणि अशा फळाचे पैसे तुम्ही परत देता का. आढी कशी लावायची, पेंढा नसलेल्या फ्लॅटमध्ये काय करायचं, फ्रिजमध्ये कधी ठेवायचा. एकाच पेटीत चार डझन किंवा आठ डझन का बसतात आणि भावात फरक का. हे नेटवर शेकडो ठिकाणी आहे, पण बहुतेक ठिकाणी एकमेकांचं उतरवलेलं, आणि फोटो विकतचे. तुमच्या खळ्यातला कापलेला साक्याचा आंबा, त्याच्या शेजारी चांगला आंबा, असा एक स्वच्छ फोटो टाका. पाककृती लिहिणाऱ्यांना, ग्राहक प्रश्नांवर लिहिणाऱ्यांना तो लागतो. खाली लिहा: 'फोटो वापरायला हरकत नाही, बागेच्या नावासह या पानाची लिंक द्या.'

पण मी तुमच्या जागी असतो तर सगळा जोर मोहोराच्या नोंदवहीवर दिला असता. दर वर्षी ठरलेल्या बातम्या असतात: वाशीच्या बाजारात पहिली पेटी आली, यंदा हापूस उशिरा, अवकाळीने मोहोर गळला, फुलकिडे वाढले, फळगळ झाली. या बातम्या लिहिणाऱ्याला बागेतला माणूस हवा असतो आणि तारखेची नोंद हवी असते. तुमच्या साइटवर आठवड्याला चार ओळी असल्या तर? 'डिसेंबरचा दुसरा आठवडा. कातळावरच्या कलमांना मोहोर फुटला, खालच्या बागेत अजून पालवीच. रात्री थंडी नाही. काल ढगाळ होतं, फवारणी पुढे ढकलली.' सोबत त्याच कलमाचा फोटो, दर आठवड्याला त्याच जागेवरून. दोन हंगामांनी तुमच्याकडे अशी गोष्ट असेल जी कुठल्याही मोठ्या ई-कॉमर्स कंपनीकडे नाही, कारण तिच्याकडे कलमच नाही. वार्ताहर, हवामानावर लिहिणारे, शेतीचे विद्यार्थी अशा पानाचा हवाला देतात, आणि न सांगता देतात. ओळखीच्या वार्ताहरांना डिसेंबरात एकदा कळवून ठेवा की असं पान आहे.

न सांगता आलेल्या लिंकेचा अँकर टेक्स्ट, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक असते ते शब्द, 'देवगडमधल्या एका बागायतदाराच्या नोंदीनुसार' असे काहीतरी असतात. ते बदलून 'देवगड हापूस ऑनलाइन खरेदी' करा, असं कुणाला सांगू नका. दहा वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या लिंकांवर नेमके तेच विक्रीचे शब्द दिसले तर त्या कुणीतरी मागून बसवल्या आहेत हे उघड होतं.

काही ठिकाणी वेळ घालवू नका. विकिपीडियाच्या हापूसच्या पानावर स्वतःची लिंक घालायला जाऊ नका. तिथल्या बाहेरच्या लिंका २००७ पासून नोफॉलो आहेत आणि स्वयंसेवक ती काढून टाकतात. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या लिंकांनी रँक वाढत नाही. तिथे गिऱ्हाईक आहे, म्हणून तिथे राहा. नोफॉलोचा बाऊही करू नका. २०१९ पासून गुगल ती खूण आज्ञा न मानता इशारा मानतं, आणि एखाद्या वाचल्या जाणाऱ्या पानावरची नोफॉलो लिंक पेट्या विकून देते.

वेळेचं गणित तुमच्या उलट चालतं. लोक आंबा शोधतात मार्च ते मे. नवी लिंक गुगलच्या नजरेला येऊन तिचा परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने जातात. म्हणून जुन्या पानांची दुरुस्ती आणि माहितीची पानं गणपती ते दिवाळीच्या दरम्यान उरकावीत, आणि हंगामात या कामाला हात लावू नये. तेव्हा तुम्हाला फोन उचलायलाही सवड नसणार.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. नुसतं 'अल्फान्सो मँगो ऑनलाइन' यावर तुम्ही मोठ्या कंपन्यांच्या वर जाल असं मी सांगणार नाही, आणि कुणी हमी दिली तर त्याला नमस्कार करा. लिंकांचं महत्त्व पूर्वीपेक्षा कमी झालंय, हे गुगलचे लोकही गेली काही वर्षं जाहीरपणे बोलत आलेत. आधी सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठी गुगलचं मोफत साधन) बघा की कुठल्या शब्दांवर तुमचं पान दिसतंय पण वर येत नाही. 'हापूस आढी कशी लावावी', 'देवगड हापूस साका', 'बागेतून थेट आंबा पुणे' अशा शोधांवर चांगलं पान आणि मोजक्या खऱ्या लिंका पुरतात. गुगलवरचं तुमचं बिझनेस प्रोफाइल अर्धवट असेल तर तेही आधी पुरं करा, कारण नकाशातून येणारं गिऱ्हाईक तिथून येतं. सर्च कन्सोलच्या 'लिंक्स' अहवालात कोण तुमच्याकडे बोट दाखवतंय ते दिसतं. ती पूर्ण यादी नसते, नमुना असतो, तेव्हा आकडा रोज मोजत बसू नका. कुठल्या लिंकेवरून माणूस आला आणि त्याने पेटी मागवली, हे बघा.

एजन्सी ठेवायचीच असेल तर तिला विचारा की लिंक कुठल्या साइटवर लागेल ते आधी सांगाल का. यादी दिली तर त्यातली एखादी साइट घ्या आणि गुगलमध्ये इंग्रजीत 'साइट' हा शब्द, कोलन आणि लगेच त्या साइटचं नाव टाकून शोधा. शंभर विषयांवर लेख, मध्ये कसिनो आणि कर्ज, आणि लेखकाचं नाव 'अ‍ॅडमिन' असं दिसलं तर पुढे बोलायचं कारण नाही. काम जाणणारा माणूस पॅकेज सांगण्याआधी तुमच्या बागेबद्दल विचारतो.

राहिला भाच्याचा प्रश्न. सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' नावाचं पान आहे, गुगलने साइटला शिक्षा केली असेल तर ती तिथे दिसते. तिथे काही नोंद नसेल तर त्या डिरेक्टऱ्यांचं काही करू नका. गुगल त्या धरतच नाही. लिंका नाकारायचं डिसअव्हाव नावाचं साधन २०१२ पासून आहे, पण बहुतेक साइटींना त्याची गरज पडत नाही असं गुगल स्वतः म्हणतं, आणि घाईघाईत त्यात चांगल्या लिंकाही नाकारल्या जातात. नोंद दिसलीच तर आधी शक्य तिथून लिंका काढायच्या, उरलेल्या नाकारायच्या, आणि मग फेरविचाराचा अर्ज करायचा, काय झालं होतं ते सरळ लिहून. नोंद नसेल तर भाच्याला डिरेक्टऱ्यांतून नावं काढायला बसवू नका. त्याला जुन्या हंगामांच्या पानांची यादी द्या आणि ३०१ करायला सांगा, दुपारभरात होईल.